एकशे बारा भोकं घेऊन कोचीला

कोचीला जाऊन समुद्र न बघता परत आलेली माणसं सोलापुरात बहुधा आम्ही दोघंच असू. एक मी आणि दुसरी माझी पेद्दम्मा. पेद्दम्मा म्हणजे थोरल्या चुलत्यांची बायको. वय पंच्याहत्तरच्या पुढं कुठंतरी. नक्की आकडा तिनं आधार कार्डवाल्यांनाही कळू दिलेला नाही. लोक विचारतात, "कसं झालं केरळ?" मी म्हणतो, "छान." कारण खरं सांगायला बसलं की अर्धा तास जातो आणि शेवटी सगळे मलाच हसतात. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. ज्यांना हसायचंय त्यांनी आपापल्या घरी बसून हसावं.

सोलापूर

पूर्व भागात आमचा टॉवेलचा कारखाना आहे. कारखाना आपला म्हणायचा. आठ यंत्रमाग आणि एक पत्र्याची शेड. मागच्या खोलीत वडिलांचा जुना हातमाग. तो विकवत नाही आणि चालवतही नाही, त्यामुळं त्यावर माझी बायको राजश्री पापड वाळत घालते. घरात आम्ही तेलुगूत बोलतो, पण भांडण मराठीत करतो. त्यामुळं या लेखातलं बहुतेक बोलणं मुळातच मराठीत झालेलं आहे.

ज्या दिवसांत सोलापूरकरसुद्धा सोलापुरात थांबायला नको म्हणतो, त्या उन्हाळ्यात अबेना आली. आजी-आजोबा घानाचे, जन्म आणि घर लंडनचं, काम कलेचं. एका ओळखीच्या व्यापाऱ्यानं तिला माझ्याकडं धाडलं होतं. माठातलं तीन तांबे पाणी पिऊन झाल्यावर तिनं सांगितलं ते असं. दोन-तीनशे वर्षांपूर्वी आपल्या देशात विणलेलं कापड युरोपचे व्यापारी जहाजात भरून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर न्यायचे आणि त्याच्या बदल्यात माणसं घ्यायचे. कापड द्यायचं, माणूस न्यायचा. ती माणसं पुढं समुद्रापलीकडं उसाच्या मळ्यात जन्मभर राबायची. मी आयुष्यभर कापडच विकत आलोय. त्याच्या बदल्यात काय काय मिळतं हे मला पाठ आहे, पण हे माहीत नव्हतं. मी आणखी पाणी मागवलं.

अशा एका जहाजाचा कागद तिनं वाचला होता. कापडाचा रंग, पन्हा, पट्ट्याची जाडी सगळं त्यात तपशीलवार लिहिलेलं. माणसांचा मात्र नुसता आकडा, एकशे बारा. त्या वेळच्यासारखं गडद निळं, पट्ट्यापट्ट्याचं कापड तिला हातमागावर विणून हवं होतं. सहा लांब पट आणि त्यांत मिळून एकशे बारा भोकं, बोराएवढी. कात्रीनं कापलेली नकोत. विणतानाच ताण्याचे उभे दोरे तोडून आणि आडवा बाणा सैल सोडून केलेली. कोचीतल्या एका जुन्या मिरीच्या गोदामात प्रदर्शन होतं. त्याच्या छपरात काचेची कौलं आहेत. पट छताला टांगले की एकेका भोकातून उन्हाचा एकेक ठिपका जमिनीवर पडणार. एक ठिपका, एक माणूस.

मी हो म्हणालो. का म्हणालो? वडिलांच्या मागावरचे पापड हळूच बाजूला सारून ती "ब्यूटिफुल" म्हणाली होती. माझ्या मालकीच्या कुठल्याही वस्तूला आजवर कुणी ब्यूटिफुल म्हटलेलं नाही. पापडांना म्हणाली असेल अशी राजश्रीची शंका अजून आहे.

विणलं मीच, तीस वर्षांनी. सूत रंगून यायलाच पावसाळा गेला. अबेनानं भोकांच्या जागा कागदावर काढून दिल्या होत्या. तिच्या भोकांशिवाय माझीही पडली. पहिल्या दोन पटांत तर तिच्यापेक्षा माझीच जास्त असावीत. झालेला पट घडी घालून मागच्या कपाटात ठेवायचा, जेवायचं आणि झोपायचं, असे अडीच महिने गेले. शेवटी कुरियरचा विषय निघाला तेव्हा मी रुबाबात कळवलं, "मी स्वतः घेऊन येतो." हे ऐकून पेद्दम्मा म्हणाली, "मी बी येते. समुद्र बघायचा राहिलाय."

गठ्ठा मी बांधला. मालक म्हणून माझं एकच काम होतं, बांधण्यापूर्वी माल उघडून बघणं. तेवढं केलं नाही.

वाडीच्या पुढे

गाडीत पेद्दम्मानं शेंगाची चटणी आणि कडक भाकरी काढली आणि समोरच्या बाकावरच्या कलबुर्गीच्या कापडवाल्याला न विचारता वाढली. मग त्याच्या शालीचा उसवलेला काठ दिसला, तो शिवून दिला. सुईदोरा तिच्या कमरेच्या पिशवीत कायम असतो. लग्नानंतर चोवीस वर्षं ती गिरणीत मेंडिंग खात्यात होती. मागावरून उतरलेल्या ठाणात, म्हणजे ताग्यात, जिथं धागा तुटलाय, भोक पडलंय, तिथं सुईनं एकेक दोरा परत भरायचा हे तिचं काम. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण हाताची खाज गेली नाही.

वाडी स्टेशन मागं पडलं तशी ती माझ्याकडं सरकली.

"अंबाद्या, त्या बाईला सांगायचं न्हाय हं. पण तू लई वंगाळ विणलंयस."

"माहीत आहे मला."

"भोकंच भोकं! मी म्हटलं, परदेशी पावणी, तिच्या हातात असला माल पडला तर घराण्याची अब्रू काय ऱ्हाईल? समदी बुजवली."

मी भाकरी खाली ठेवली. "सगळी म्हणजे?"

"समदी. दुपारी तू घोरायचास, तवा बसत होते की. एक ठेवलं न्हाय."

मी उठलो, गठ्ठा सोडला आणि पहिला पट उघडून खिडकीच्या उजेडात धरला. ठिपका नाही. दुसरा धरला. ठिपका नाही. भोक कुठं होतं हेसुद्धा दिसेना, असा रफू. कलबुर्गीवाल्यानं कापड चिमटीत धरून बघितलं आणि म्हणाला, "फर्स्ट क्लास माल हाय साहेब. एक दोष न्हाय."

"बघ!" पेद्दम्मा म्हणाली.

मी तिला समजावलं. कागद, जहाज, माणसं, ठिपके, सगळं. शुक्रवारी दुपारी प्रदर्शन उघडणार, आज मंगळवार, ही भोकं नसतील तर त्या बाईचं वर्षभराचं काम पाण्यात. रायचूर येईपर्यंत समजावलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग आता?"

"मग आता उसव की! आपल्याकडं सगळा दिवस आहे. तूच उसवू शकतेस, दुसऱ्या कुणाला जागा सापडणार पण नाही."

"न्हाय जमणार."

"का?"

"कापडाला भोक पाडायचं न्हाय मी."

"तू पाडत नाहीस, पेद्दम्मा. ते होतंच. तू फक्त..."

"वद्दु," म्हणाली. नको. भांडणाच्या मध्येच ती तेलुगूवर आली की विषय संपला असं आमच्या घरात समजतात. गुंतकलपर्यंत मी चिडून बोललो नाही, आणि तिच्या ते लक्षात आलं नाही.

पुढं ती आपण होऊन बोलली. गिरणीत मेंडिंग झालेलं ठाण तपासायला एक साहेब असायचा. मोठी खिडकी होती. ठाण खिडकीवर टांगायचा आणि दोरीनं वर ओढत जायचा. कुठं उजेडाचा ठिपका दिसला की वही बघून मोठ्यांदा नाव पुकारायचा. "नरसम्मा! ये इकडं." मग सगळ्या खात्यासमोर त्या ठिपक्याखाली उभं राहायचं. चोवीस वर्षांत तिचं नाव तीनदा पुकारलं गेलं. तिन्ही वेळेला कुठलं कापड होतं हे तिला आजही आठवतं. नवऱ्याचा वाढदिवस आठवत नाही.

"आन् आता तू म्हणतोस, एकशे बारा ठिपके कर."

मी चहा घेतला. तो थंड होता, त्यावर राग काढला.

एर्नाकुळम

उतरल्यावर एका हॉटेलात जेवायला बसलो. जाड लालसर भात आला, मासा आला आणि पेल्यात गरम गुलाबी पाणी आलं. तिकडं कसल्याशा लाकडाचा तुकडा टाकून पाणी उकळतात, तब्येतीला चांगलं म्हणे. पेद्दम्मानं पेला उजेडात धरला.

"रंग सुटलाय. कच्चा रंग. काय धुतलंय ह्यात?"

"प्यायचं पाणी आहे ते."

"असंल. पर पक्का न्हाय."

ती कापड रंगवणाऱ्या गावची बाई, तिची समजूत घालणं अवघड. मी दोघांचं पाणी प्यालो.

फोर्ट कोचीला जायला सरकारी बोट. गठ्ठा डोक्यावर घेतलेला मी, माझा शर्ट पकडलेली पेद्दम्मा आणि लुंग्या गुडघ्याच्या वर दुमडून आरामात उभे असलेले तिथले लोक. आपल्याकडं लुंगी एवढी वर घेऊन कुणी रस्त्यानं गेला तर भांडायला निघालाय असं वाटेल. तिकडं तो बँकेत चाललेला असतो. बोट निघाली. चहूकडं पाणी बघून पेद्दम्मा खूश झाली.

"ह्योच काय समुद्र?"

"नाही, ही खाडी. समुद्र पुढं."

"उजनीवानीच हाय की मग," ती म्हणाली आणि मान फिरवून बसली. उजनी धरणाच्या कडेला तिची भाची दिलीय, त्यामुळं ते पाणी पेद्दम्मानं पुष्कळ बघितलंय.

गोदाम

गोदामात शिरलो तर मिरीचा वास अजून भिंतीतून येत होता. आमच्या आधी इतरांचं काम मांडून झालेलं. नैरोबीच्या एका माणसानं रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांवर माणसांचे चेहरे कोरले होते. ती रेल्वे बांधायला इंग्रजांनी आपल्याकडचे मजूर नेले होते, त्यातले पुष्कळ तिथंच मेले. चेहरे आफ्रिकेचे कुठले आणि आपले कुठले ते ओळखू येत नव्हतं, आणि ओळखू येऊ नये हीच त्याची कल्पना होती. पलीकडं जमैकाहून आलेल्या एका बाईनं साखरेच्या विटांची छोटी खोली बांधली होती. दमट हवेनं ती रोज थोडी थोडी ढासळत होती.

"मुंग्या लागतील," पेद्दम्मा म्हणाली.

तिथं काम करणारा बिजू म्हणून एक हिंदी बोलणारा माणूस होता. तो म्हणाला, "अम्मा, मॅडमला मुंग्याच पाहिजेत."

पेद्दम्मानं माझ्याकडं बघितलं. हे सगळेच वेडे आहेत का, असं ते बघणं होतं. मी मात्र त्या विटांसमोर जरा थांबलो. आमच्या जिल्ह्यात कुठल्याही रस्त्यानं जा, दोन्हीकडं ऊसच. साखर म्हटलं की मला कारखाना, ट्रॅक्टर आणि ट्रॅफिक आठवतो. साखरेसाठी माणसं जहाजातून नेली होती हे काही चहा ढवळताना डोक्यात येत नाही.

अबेना धावत आली, पेद्दम्माच्या पाया पडली (हे तिनं सोलापुरात शिकून घेतलं होतं) आणि म्हणाली, "दाखवा!" मी वाटेत दोन तास इंग्रजी वाक्यं पाठ केली होती. त्यातलं एकही आठवेना. मी नुसताच गठ्ठा सोडला. बिजू शिडीवर चढला, पहिला पट टांगला. काचेच्या कौलांतून भरपूर ऊन येत होतं. खाली जमिनीवर पटाची गडद सावली पडली. एकही ठिपका नाही.

अबेनानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं पटाला हात लावला, सावलीकडं बघितलं, परत वर बघितलं. मी "माय आंटी... व्हेरी गुड वर्क... बाय मिस्टेक" एवढं म्हणालो. ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि दोन्ही हातांत डोकं धरलं. मग उठली ती टेबलावरची कात्री घेऊनच.

पेद्दम्मा मध्ये गेली. पंच्याहत्तरीच्या बाईला इतकं भरभर चालताना मी पहिल्यांदा पाहिलं. पटाचा काठ तिनं मुठीत धरला. "कात्री न्हाय लावायची! अंबाद्या, सांग हिला!"

"मी काय सांगू? तू उसवत नाहीस, तिला कापू देत नाहीस!"

"सांग!"

मी सांगितलं. अबेना कात्री हातात धरून रडकुंडीला आलेली. म्हणाली, मलाही कापायचं नाहीये, पण परवा दुपारी लोक येणार आहेत, मी करू काय? ते मी पेद्दम्माला सांगितलं. दोघींच्या मध्ये उभा राहून मी इकडचं तिकडं करत होतो आणि दोघी माझ्यावरच ओरडत होत्या.

मग पेद्दम्मा जरा हळू झाली. "हिला इचार, ही भोकं कुणाकुणाची?"

मी विचारलं. अबेना म्हणाली, ते कुणालाच माहीत नाही.

"नावं?"

"लिहिलीच नाहीत, असं म्हणते."

"एकाचं बी?"

"एकाचंही नाही. फक्त कापडाचं लिहिलंय."

पेद्दम्मा पटाचा काठ अंगठ्यानं चाचपत राहिली.

"आमची तर होती की वहीत," ती म्हणाली. "ओरडायला का हुईना, नाव लागायचं." मग पदर खोचला. "चष्मा दे. आन् उजेडात खुर्ची टाकायला सांग त्या बिजूला."

बुधवार दुपार ते शुक्रवार

या दिवसांचं प्रवासवर्णन करायला काही नाही. ती खिडकीपाशी बसलेली, मांडीवर निळं कापड, मी समोर एक टोक धरून. डोळे मिटून बोटानं चाचपायची. "ही हिची," म्हणायची आणि सुईच्या टोकानं एकेक दोरा उचलून काढायची. मध्येच थांबायची. "ही तुझी. ही न्हाय उघडायची." माझी निघाली की बिजूसुद्धा हसायचा, ती माझ्या चुकांची भोकं आहेत हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. गोदामाच्या मागच्या भिंतीपलीकडून सारखा लाटांचा आवाज यायचा. मी दोनदा म्हणालो, "चल, पाच मिनिटं बघून येऊ." "आधी हे," म्हणाली. अबेना तिच्यासाठी उकडलेली नेंद्र केळी आणायची, स्वतःच्या हातानं सोलून द्यायची. पेद्दम्मा तिला बिड्डा म्हणू लागली. पोरी, लेकरा, असं. मला मात्र अंबाद्याच.

शुक्रवारी सकाळी सहाही पट टांगले. दहाच्या सुमाराला ऊन कौलांवर आलं आणि जमीन ठिपक्यांनी भरून गेली. अबेना हातात खडू घेऊन ठिपका मोजायची आणि शेजारी बारीक खूण करायची. शेवटाला येऊन थांबली. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

एकशे अकरा.

कागद काढला, ताडून बघितला, पण विणताना मी काही भोकं या पटातून त्या पटात ढकलली होती, त्यामुळं ताळा जमेना. पट खाली उतरवले. पेद्दम्मा एकेकावरून हात फिरवत गेली, अबेना कागद घेऊन तिच्या मागं आणि मी घड्याळ बघत त्यांच्या मागं. सोसायटीच्या मीटिंगला नळाचा विषय निघाल्यावर येतो तसला घाम मला आला होता. साडेबाराला पेद्दम्मानं चष्मा काढला.

"न्हाय सापडत. हात म्हातारा झाला माझा."

मी चिडलो. "बुजवताना बरा तरुण होता!"

अबेनानं मला गप्प केलं. ती दाराशी गेली. तिथं पाटी लावलेली होती, त्यावर कामाचं नाव आणि खाली एकशे बारा असा आकडा. तिनं विचारलं, एकशे अकरा करू का? मी ते पेद्दम्माला सांगितलं.

"का म्हणून? एकशे बाराच ऱ्हाऊ दे. जितकी नेली तितकी," पेद्दम्मा म्हणाली.

दुपारी लोक आले. कुणीच मोजलं नाही. आधी सगळे ठिपके चुकवत, पाय उचलून चालत होते. मग ते जमेना, इतके होते. ठिपके लोकांच्या चपलांवर, खांद्यांवर, एका लहान मुलीच्या गालावर. ऊन कललं तसे ते हळूहळू एका बाजूला सरकले आणि भिंतीवर चढले. मी टॉवेलवाला माणूस, कलेतलं मला काही कळत नाही. पण माझ्या शर्टावर एक ठिपका येऊन थांबला तेव्हा मी तिथून हललो नाही, एवढं सांगतो.

परत

शुक्रवारी अंधार पडेपर्यंत लोक हलले नाहीत, आणि शनिवारी सकाळी लवकरची गाडी होती. समुद्र राहिला. पालघाट येईपर्यंत मी त्यावरून तिला बोललो. एवढे पैसे खर्चून, एवढ्या लांब येऊन. ती खिडकीतून नारळीची झाडं बघत होती.

"चौथा पट," ती अचानक म्हणाली. "खालच्या काठाशी, डाव्या अंगाला."

"काय चौथा पट?"

"ते. राह्यलेलं."

मी उठून बसलो. "तुला सापडलं होतं?"

"मीच बुजवलेलं, मला न्हाय सापडणार?"

"मग सांगितलं का नाहीस? ती पोरगी रडायची बाकी होती! मी घामानं..."

"अरे, रोज माणसं येणार, त्यांच्यावरनं चालणार, बघणार, जाणार. एकशे अकरा जणांना उजेडात उभं केलं की. एकीला तरी झाकलेलं ऱ्हाऊ दे."

"मी अबेनाला फोन करून सांगणार आहे."

"सांग," म्हणाली आणि चटणीचा डबा उघडला.

मी सांगितलं नाही. नंतर अबेनाचा दोनदा मेसेज आला. प्रदर्शन आता दुसऱ्या गावी जाणार आहे, आंटींना काही आठवलं का? मी दोन्ही वेळेला 'नो, सॉरी' लिहिलं. खोटं बोलायचं वय माझं निघून गेलंय, तरी लिहिलं. राजश्री म्हणते, तुम्ही दोघंही सारखेच. हातमागावर परत पापड आहेत.

हे मराठीत लिहितोय, त्यामुळं अबेनापर्यंत पोचायची भीती तशी कमी. पण हल्ली फोनवर कुठलीही भाषा वाचता येते म्हणतात. म्हणून सांगून ठेवतो, वर जो पट आणि जी बाजू लिहिली आहे, ती खरी नाही.